विधवेची शाल आणि पोलिसांच्या तीन गाड्या

क्वांझामे गावच्या सुपरमार्केटात, मागच्या खोलीत, चहाच्या किटलीच्या वर एक मोठा कागद चिकटवलेला होता. तो जोहान्सबर्गच्या कोणा शहाण्याने तयार करून पाठवला होता. चोर कसा ओळखावा, हे त्यावर चित्रं काढून समजावलं होतं. चोर भर उन्हाळ्यात जाड कपडे घालतो. तो नजरेला नजर देत नाही. त्याचे हात कपड्यांच्या आत असतात, तो भिंतीच्या कडेकडेने चालतो आणि कोणाशी चकार शब्द बोलत नाही. दारावरचा रखवालदार लुबाबालो रोज चहा पिता पिता हा कागद वाचायचा. त्याला तो तोंडपाठ झाला होता. बिचाऱ्याची अडचण एकच होती. एवढ्या सगळ्या खुणा एकत्र असलेला चोर नोकरीला लागल्यापासून त्याला एकदाही दिसला नव्हता.

त्या मंगळवारी दिसला. ती नोझिबेले होती.

नोझिबेलेचा नवरा वेलिले मागच्या उन्हाळ्यात साखरेच्या आजाराने गेला आणि तेव्हापासून ती काळ्यात होती. काळा झगा, केस भादरलेल्या डोक्याला काळा रुमाल आणि वर गळ्याशी पिन लावलेली काळी लोकरीची शाल. ऊन असो की पाऊस, सुटका नाही. काळ्यातल्या बाईने मान वर करायची नसते, आवाज चढवायचा नसतो, हात शालीबाहेर काढायचे नसतात, चारचौघांच्या मधून जायचं नसतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, तरी तिची नणंद थोझामा उठता-बसता तिला ते ऐकवायची. थोझामाने आपल्या पदरचेही दोन-चार नियम त्यात घुसडले होते. मागून पुरुषाने हाक मारली तर वळून बघायचं नाही, हा त्यातलाच एक.

"वळलीस की संपलं," थोझामा म्हणायची. "लोक म्हणतील, नवऱ्याची माती अजून ओली आहे आणि हिची मान फिरायला लागली."

खरं सांगायचं तर या कामाला नोझिबेलेइतकी नालायक बाई सबंध क्वांझामेत सापडली नसती. टॅक्सीस्टँडवर ती पिठाचे गरम तळलेले गोळे विकायची तेव्हा तिची आरोळी नदीच्या पलीकडे ऐकू जायची. गुरुवारी दुपारी चर्चमध्ये प्रार्थना-मंडळाच्या लाल ब्लाऊजवाल्या बायका जमल्या की भजनाची पहिली ओळ तीच उचलायची, बाकीच्यांनी धापा टाकत मागून यायचं. अशी बाई वर्षभर कुजबुजत होती. गोळे विकणंही बंद होतं, कारण काळ्यातल्या बाईच्या हातचं खाणार कोण? आता शनिवारी हे सगळं सुटणार होतं. नदीवर अंघोळ करायची, काळं होतं नव्हतं ते जाळायचं, नवे कपडे घालायचे आणि मेंढा कापून गाव जेवू घालायचं. त्यानंतरच्या गुरुवारी लाल ब्लाऊज. तिने तो इस्त्री करून कपाटाच्या दारावर टांगूनही ठेवला होता. येता-जाता त्याला हात लावायची आणि कोणी पाहिलं नाही ना, म्हणून मागे बघायची.

मंगळवारी थोझामाने तिला कस्टर्डची पावडर आणि लाल जेली आणायला पिटाळलं. अशा जेवणात मटण कमी पडलं तर लोक एक वेळ माफ करतात, कस्टर्ड नसेल तर मरेपर्यंत ते बोलून दाखवतात. नोझिबेले सुपरमार्केटात शिरली, भिंतीला धरून कडेकडेने फिरली, खाली मान घालून डबा घेतला, पाकिटं घेतली. लुबाबालो दारावरून बघत होता. कागदावरचं चित्र चालत-बोलत समोर आलं होतं, म्हणजे चालत होतं, बोलत नव्हतंच. एकदा खात्री करून घ्यावी म्हणून तो मागच्या खोलीत जाऊन कागद पुन्हा नीट वाचून आला. नेमके तेवढ्यातच नोझिबेलेने पैसे दिले. हातात हात लागू नये म्हणून तिने नोट काउंटरवर ठेवली, गल्ल्यावरच्या पोरीने सुटे पैसेही काउंटरवरच ठेवले. नोझिबेलेने पावती झग्याच्या गळ्यात खोचली, पिशवी रिवाजाप्रमाणे शालीखाली घेतली आणि ती बाहेर पडली.

"ए बाई! थांब जरा!"

मागून हाक आली आणि ती पुरुषाची होती. नोझिबेले वळली नाही.

"अगं ए, काळी शाल! तुलाच सांगतोय!"

तिने पावलं उचलली. लुबाबालोला याहून जास्त काय पाहिजे होतं? त्याने धोक्याची घंटा दाबली.

क्वांझामेच्या पोलिसांबद्दल लोक उगाच वाईट बोलतात. घर फुटलं, गाय चोरीला गेली, नवऱ्याने बायकोचं डोकं फोडलं म्हणून फोन केला की तिकडून थंड आवाज येतो, "गाडी नाही." गाडीच नसेल तर ते बिचारे काय करणार? पण कस्टर्डच्या डब्यासाठी त्या दिवशी गाड्या निघाल्या, आणि एक-दोन नाही, चांगल्या तीन निघाल्या. त्यालाही कारण होतं. शेजारच्या तालुक्यात खोट्या विधवांची टोळी फिरत होती. या बायका काळे कपडे घालून दुकानात शिरायच्या आणि झग्याखाली अख्खी मेंढ्याची तंगडी लपवून बाहेर पडायच्या. विधवेच्या काळ्याला शिवलं की अपशकुन मागे लागतो, म्हणून त्या कपड्यांना हात लावायला रखवालदार धजायचे नाहीत. ठाण्याचे मुख्य कॅप्टन सोगोनी महिनाभर पोरांना सांगत होते की जो ही टोळी पकडेल त्याची बढती पक्की. तेव्हापासून ठाण्यातले सगळे जण विधवांकडे आशेने बघत होते.

पहिल्या गाडीतून सार्जंट म्खुसेली उतरला. म्खुसेली म्हणजे रक्षण करणारा. आईने मोठ्या हौसेने नाव ठेवलं होतं आणि पोरगा खरोखरच पोलिसात गेला म्हणून गावभर मिरवली होती. त्याच्या मागे ढाली, हेल्मेटं आणि रबरी गोळ्यांच्या बंदुका घेतलेले आठ-दहा जवान उतरले. समोर पन्नाशी उलटलेली एक बाई मान खाली घालून उभी होती.

"हात वर!"

हात शालीखाली होते. ते शालीखालीच राहिले.

"काय लपवलंय? बोल!"

"मी काळ्यात आहे, बाळा," नोझिबेले म्हणाली. पण ती कुजबुजली. वर्षभराची सवय होती, आणि शनिवार तोंडावर आला होता. एवढ्या जवळ येऊन आवाज चढवून सगळं नासवायचं कशाला, असं तिला वाटलं. हेल्मेटातून त्या शूरांना काही ऐकू गेलं नाही.

म्खुसेलीने आधी तिच्या डोळ्यांत तिखटाचा फवारा मारला. मग शालीला हात घातला आणि हिसडा दिला. पिन उडाली, लोकर उसवली, नोझिबेले गुडघ्यावर आदळली. दुसऱ्याने दंडुका घातला, तो खांद्यावर बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज टॅक्सीस्टँडवरच्या माणसांनी ऐकला. म्खुसेलीने तिला पालथी पाडली, पाठीवर गुडघा रोवला आणि डोक्यावरचा रुमाल ओढून काढला. पिशवी फाटली. डब्याचं झाकण उडालं आणि पिवळी पावडर तिच्या तोंडावर आणि त्याच्या बुटांवर उडाली.

रुमाल हातात घेऊन म्खुसेली तसाच राहिला. त्याच्या गुडघ्याखालचं डोकं गुळगुळीत भादरलेलं होतं.

खोट्या विधवा झगा घालतात, शाल घेतात, गळाही काढतात. पण मेंढ्याच्या तंगडीसाठी कोणी डोकं भादरून घेत नाही.

"पैसे दिलेत तिनं!" गल्ल्यावरची पोरगी धावत बाहेर आली. "मी घेतलेत! पावती आहे तिच्याकडं!"

कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. गर्दीतल्या एका म्हातारीने हंबरडा फोडला, "विधवेची शाल ओढली रे! विधवेची शाल ओढली!" आणि ज्यांना तीन गाड्या, ढाली आणि बंदुका पाहून भीती वाटली नव्हती ते सगळे पुरुष एकदम मागे सरकले. जवानही सरकले. म्खुसेलीच्या हातातला रुमाल गळून पडला आणि तो हात पँटला पुसायला लागला. नोझिबेले रस्त्यावर पडून होती. तिला उचलायला टॅक्सीस्टँडवरच्या तीन बाया आल्या, कारण पुरुषांपैकी कोणी तिला शिवायला तयार नव्हता. पोलिसांनी मात्र कर्तव्य सोडलं नाही. त्यांनी कस्टर्डचा डबा पुरावा म्हणून जप्त केला.

इस्पितळात डॉक्टरने सांगितलं, गळपट्टीचं हाड मोडलंय, हात गळ्यात बांधावा लागेल. पोलिसांच्या कागदात घटना फारच सौम्य होती. संशयित महिलेने सहकार्य केलं नाही आणि तोल जाऊन ती जमिनीवर पडली, असं त्यात म्हटलं होतं. हाड कसं मोडलं त्याबद्दल जमिनीला जबाबदार धरलेलं दिसत होतं.

थोझामा धावत इस्पितळात आली. दारातूनच तिने विचारलं, "शाल फाटली का गं?"

"वन्सं, हाड मोडलंय माझं."

"ते जुळेल. शाल फाटली का?"

"फाटली."

"आणि रुमाल? रुमाल कुणी काढला? बाईनं की पुरुषानं?"

"पुरुषानं."

थोझामा खाटेच्या कडेला बसली आणि तिने कपाळाला हात लावला. "मग मोडलं गं. वर्ष मोडलं. परक्या पुरुषानं भर रस्त्यात काळं ओढून काढलं, ते मग शनिवारी जाळलं तरी धरत नाहीत. वडीलधारे हेच म्हणणार. आता पहिल्यापासून."

नोझिबेलेला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग तिला कपाटाच्या दारावरचा लाल ब्लाऊज आठवला आणि ती रडली. हाड मोडलं तेव्हा ती रडली नव्हती. दंडुका त्यांनी मारला, वर्ष मात्र तिने भरायचं. या हिशेबाचा तिला इतका राग आला की खांद्याचं दुखणं ती विसरून गेली.

वडीलधारे तेच म्हणाले. त्यांनी ते फार दुःखाने सांगितलं आणि शनिवारच्या जेवणासाठी केलेली आल्याची बियर वाया जाऊ नये म्हणून तेवढी पिऊन गेले.

तिकडे सार्जंट म्खुसेलीचं काही ठीक नव्हतं. त्याच्या आईने त्याला घराच्या फाटकातच अडवलं. विधवेला मारून आलेला हात माझ्या दाराच्या कडीला लागायचा नाही, म्हणाली. ती स्वतः दोनदा विधवा झालेली बाई, तिला कोण समजावणार? बायको पोरांना घेऊन माहेरी गेली. ठाण्यातले सोबती त्याच्याबरोबर एका गाडीत बसेनात. गाडीचं एक टायर फुटलं, ते त्याच्यामुळे फुटलं. कॅप्टनची दाढ दुखायला लागली, तीही त्याच्यामुळेच. जो तो त्याच्यापासून हातभर अंतर राखून चालायला लागला. आणि गंमत बघा, हाड मोडल्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. सगळ्यांना भीती होती ती शालीची.

गुरुवारी दुपारी कॅप्टन सोगोनी स्वतः नोझिबेलेच्या घरी आले. बरोबर म्खुसेलीची आई होती. सुपरमार्केटने पाठवलेली एक टोपलीही होती आणि तिच्यात कस्टर्डचे सहा डबे होते. म्खुसेली फाटकाबाहेर उभा राहिला.

कॅप्टन खुर्चीवर टेकले आणि गोड आवाजात म्हणाले, "ताई, झालं ते वाईट झालं. पण मी यातून असा मार्ग काढलाय की सगळ्यांचं भलं होईल. तुम्ही फक्त एवढं सांगायचं, की शाल वाऱ्यानं उडाली."

"वाऱ्यानं," थोझामा म्हणाली. तिचे डोळे चमकले.

"मंगळवारी वारा होताच की थोडा. शाल वाऱ्यानं गेली, रुमाल वाऱ्यानं गेला, तुम्ही त्या मागं धावताना पडलात. कुणा पुरुषाचा हात लागलाच नाही. म्हणजे तुमचं वर्ष मोडलं नाही. परवा शनिवारी ठरल्याप्रमाणं काळं उतरवा, मेंढा आमच्याकडून. आमच्या पोरावरचा ठपकाही गेला, तक्रारीचा प्रश्नच मिटला. वाऱ्याविरुद्ध कोण तक्रार करणार?"

"साहेब, किती विचार केलात हो आमचा!" थोझामाला भरून आलं. "वहिनी, ऐकलंस ना? वडीलधाऱ्यांना मी सांगते. वाऱ्यानं उडालेली शाल धरत नाहीत."

खोलीत सगळे नोझिबेलेकडे बघायला लागले. ती कोपऱ्यात चटईवर बसली होती. उधारीची शाल अंगावर होती, हात गळ्यात बांधलेला होता. परवा शनिवार. एक शब्द बोलायचा, वारा, आणि पुढच्या गुरुवारी लाल ब्लाऊज. तिला तो शब्द बोलायची इतकी इच्छा झाली की तिचे ओठ हललेसुद्धा. मग तिच्या डोळ्यांपुढे ती गल्ल्यावरची पोरगी आली. तीही उद्या कोणाची तरी विधवा होईल, दुकानात कडेकडेने चालेल, आणि वारा पुन्हा सुटेल.

ती काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाल्या?" कॅप्टन कानाला हात लावून पुढे वाकले.

"वारा नव्हता," ती तितक्याच हळू म्हणाली. "पानही हलत नव्हतं."

"ताई, जरा विचार करा. एक अख्खं वर्ष आहे."

"ते मला भरायचंय, साहेब. तुम्ही कशाला मोजताय?"

थोझामाने तोंडावर हात मारून घेतला. म्खुसेलीची आई इतका वेळ जमिनीकडे बघत बसली होती. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "बाई, आणि माझ्या पोराचं काय? दोन रात्री गाडीत झोपतोय तो."

"त्याला घरात घ्या, आई," नोझिबेले म्हणाली. "माझं त्याला काही लागायचं नाही. पण त्यानं शाल ओढली आणि मला मारलं, हे मी सांगणार. ते धुऊन द्यायला मला सांगू नका."

म्हातारी उठली. जाता जाता तिने कॅप्टनची टोपली उचलली, फाटकाबाहेर नेऊन लेकाच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "धर. पोलिसांच्या कामाचं आहे हे."

शनिवारी मेंढा वाचला. सोमवारी नव्याने शिवलेला काळा झगा घालून नोझिबेले ठाण्यात गेली. काउंटरवरच्या जवानाने तिला पाहून खुर्ची मागे ओढली. तक्रार लिहून घेणारे साहेब आज नाहीत, म्हणाला. ती कोपऱ्यातल्या बाकावर मान खाली घालून बसली. मंगळवारी साहेबांची बैठक होती, बुधवारी साहेबांची दाढ होती. ती रोज येऊन त्याच कोपऱ्यात, तशीच गप्प बसायची. कोणाला एका शब्दाने बोलली नाही. पण त्या बाकावर दुसरं कोणी बसेना, आणि जवान ठाण्यात मागच्या दाराने यायला लागले. चहावाल्याने आत यायचं सोडून दिलं. जुगारात पकडून आणलेले दोघे आम्हाला लवकर कोठडीत टाका म्हणून हात जोडायला लागले.

गुरुवारी ठाण्याकडे येताना तिला चर्चला निघालेल्या लाल ब्लाऊजवाल्या बायका भेटल्या. ती रस्ता सोडून कडेला उभी राहिली आणि त्या जाईपर्यंत मान खाली घातली. त्यातल्या एकीने चालता चालताच ओळ उचलली, आणि ती खालच्या पट्टीत उचलली. नोझिबेलेच्या गळ्यापर्यंत बरोबर सूर आला. तो तिने गिळला. इतकं कडू तिने आयुष्यात काही गिळलं नव्हतं.

ती बाकावर जाऊन बसली तेव्हा कॅप्टन सोगोनी गाल सुजवून बाहेर आले.

"पुरे झालं हे! बाहेर काढा हिला!"

कोणी हललं नाही.

"अरे, ऐकू येत नाही का? एक बाई आहे ती! हात मोडलेली बाई! तुम्ही इतके जण!"

"साहेब," म्खुसेली भिंतीला टेकून उभा होता, तो म्हणाला, "त्या मंगळवारचं एकदा पुरे. आता तुम्ही काढा."

कॅप्टन तरातरा पुढे आले. बाकापासून हातभर अंतरावर त्यांचे पाय थांबले. तिच्या काळ्या शालीचं टोक बाकावरून खाली लोंबत होतं, ते बुटाला लागू नये म्हणून त्यांनी पाय आखडून घेतला. ज्या बाईला थांबवायला तीन गाड्या लागल्या होत्या, तिला उठवायला सबंध ठाण्यात माणूस मिळेना.  मग कॅप्टननी काउंटरवरून कागद आणि पेन घेतलं आणि ते बाकाच्या दुसऱ्या टोकाशी, अंग चोरून, स्वतः लिहायला बसले.

ती कुजबुजत सांगत गेली. ते लिहीत गेले. लिहून झाल्यावर त्यांनी सहीसाठी कागद पुढे सरकवला.

"आधी वाचून दाखवा," ती म्हणाली.

कॅप्टन ओठांतल्या ओठांत पुटपुटले.

"तसं नाही, साहेब. मोठ्यानं वाचा. मला वर्षभर मोठ्यानं बोलता येत नाही."

कॅप्टननी आजूबाजूला पाहिलं. सगळे जवान खिळल्यासारखे उभे होते, दारात माणसं जमली होती. त्यांनी घसा साफ केला आणि बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं, "सार्जंट म्खुसेलीने माझी शाल ओढून फाडली. मी पैसे दिलेले होते. पोलिसांनी मला खाली पाडून मारलं. वारा नव्हता."